थंडीच्या दिवसांत डिझेल एंजिनाची निगा व ॲडिटिव्हचा योग्य उपयोग

रब्बी हंगामात पाण्याची पाळी चुकली तर तिची भरपाई पुढे होत नाही. गव्हाची पेरणी झाल्यापासून 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात आणि त्या वेळी पिकास पाणी मिळालेच पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंश सेल्सिअसच्या आसपास, तर कधी त्याहूनही खाली उतरतो. अशा वेळी द्राक्षबागेचे थंडीपासून रक्षण करण्यासाठी पहाटे विहिरीचे पाणी देतात; कारण ते हवेपेक्षा उबदार असते. म्हणजे ज्या पहाटे थंडी सर्वांत कडक, त्याच पहाटे एंजिन हमखास सुरू व्हावयास हवे. ते सुरू न झाल्यास हवालदिल झालेला शेतकरी टाकीत रॉकेल ओततो, किंवा दुकानातून ॲडिटिव्हची बाटली आणून टाकीत रिकामी करतो. यांपैकी पहिला उपाय घातक आहे. दुसरा बहुधा उशिरा केलेला असतो.

डिझेल का थिजते?

खोबरेल तेल थंडीत बाटलीतच गोठते, हे घरोघरी ठाऊक आहे. डिझेलमध्येही एक प्रकारचे मेण विरघळलेले असते. तपमान उतरू लागले की प्रथम या मेणाचे बारीक कण तयार होतात व डिझेल गढूळ दिसू लागते. थंडी आणखी वाढल्यावर ते कण फिल्टरमध्ये अडकतात आणि डिझेल पुढे जात नाही. अखेरीस डिझेल इतके दाट होते की ते ओतताही येत नाही. एंजिन अडते ते पुष्कळदा दुसऱ्याच पायरीवर. यास्तव टाकीतील डिझेल पातळ दिसले, तरी फिल्टर तुंबलेला असू शकतो.

भारतीय मानक 1460 प्रमाणे डिझेलने फिल्टर तुंबण्याचे तपमान हिवाळ्यात 6 अंशांहून व उन्हाळ्यात 18 अंशांहून अधिक असता कामा नये. ही कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात डिझेल याहून चांगलेही असू शकते. तथापि, वैशाखात भरून ठेवलेल्या पिंपातील डिझेलवर पौषातल्या पहाटे विसंबणे धोक्याचे आहे, हे यावरून उघड होईल.

लडाखमधील परिस्थिती अगदी वेगळी आहे. तेथे काही ठिकाणी पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑईलने त्या प्रदेशासाठी खास हिवाळी डिझेल विक्रीस आणले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. महाराष्ट्रातील थंडीस एवढ्या तयारीची गरज नाही. हंगामात ताजे घेतलेले डिझेल येथे बहुधा पुरेसे होते.

ॲडिटिव्ह काय करते?

थंडीसाठी मिळणारे ॲडिटिव्ह मेण नाहीसे करीत नाही. मेणाचे कण तयार होत असताना ते त्यांची वाढ रोखते; त्यामुळे कण लहान राहतात व फिल्टरमधून निघून जातात. सबब ते मेण तयार होण्यापूर्वीच मिसळले पाहिजे. डिझेल एकदा थिजल्यावर बाटली ओतून उपयोग होत नाही. पीठ मळून झाल्यावर वरून मीठ भुरभुरावे, तसाच तो प्रकार होय.

बाजारात इतरही ॲडिटिव्ह मिळतात. काही डिझेल लवकर पेट घेण्यासाठी असतात, काही पाणी वेगळे करण्यासाठी, तर काही नॉझल स्वच्छ ठेवण्यासाठी. ती थिजण्यावर उपाय नव्हेत. बाटलीवरील मजकूर वाचूनच खरेदी करावी.

प्रथम परीक्षा, मग उपाय

काचेच्या स्वच्छ बाटलीत एंजिनाच्या टाकीतील थोडे डिझेल घेऊन बूच लावावे व बाटली रात्रभर एंजिनाजवळ ठेवावी. ती मुलांच्या हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी. पहाटे डिझेल नितळ दिसले तर दोष मेणाचा नसण्याचा संभव अधिक. ते पांढुरके दिसले आणि बाटली उन्हात ठेवल्यावर पुन्हा नितळ झाले, तर मेण धरत आहे असे समजावे. तळाशी थेंब किंवा वेगळा थर दिसला तर ते पाणी होय.

एंजिनाच्या लक्षणांवरूनही पुष्कळ कळते. स्टार्टर मंद फिरत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा ऑईल दाट झाले आहे. एंजिन नीट फिरते पण धूर मुळीच येत नाही, तर डिझेल पोचत नाही. पाणी, पाइपात धरलेली हवा किंवा तुंबलेला फिल्टर यांपैकी एक कारण असते. पांढरा धूर येऊन एंजिन पेट घेत नसेल तर डिझेल पोचते, पण पुरेशी उष्णता मिळत नाही. ग्लो प्लग असल्यास तो व कॉम्प्रेशन तपासावे. यांपैकी बहुतेक दोषांवर थंडीच्या ॲडिटिव्हचा काही उपयोग नाही.

वापरण्याची पद्धत

1. उन्हाळ्यातील डिझेल थंडीपूर्वी वापरून संपवावे. ते उरलेच तर त्यातच ॲडिटिव्ह घालावे.

2. मिसळण्याचे काम दुपारी, डिझेल नितळ व उबदार असताना करावे.

3. प्रमाण बाटलीवर दिल्याप्रमाणेच घ्यावे. प्रमाण 1000 भागांस 1 भाग असेल तर 20 लिटर डिझेलास 20 मिलिलिटर लागेल. ते झाकणाने अंदाजे न घेता मापाने मोजावे. अधिक घातल्याने अधिक गुण येत नाही.

4. आधी ॲडिटिव्ह टाकीत घालून वरून डिझेल ओतावे, म्हणजे ते चांगले मिसळते. नंतर एंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचते.

5. संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते व त्याचे पाणी डिझेलमध्ये उतरते. फिल्टरखालील पाणी वेळोवेळी सोडून द्यावे.

काय करू नये

डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. त्याने डिझेल पातळ होते हे खरे. परंतु डिझेल पंप व नॉझल यांना डिझेलातूनच वंगण मिळते, ते रॉकेलाने कमी होऊन हे भाग झिजतात. शिवाय शिधावाटपाचे रॉकेल एंजिनात वापरण्यास कायद्याने मनाई आहे. डिझेलमध्ये पेट्रोल तर कधीच घालू नये. आगीचा धोका असतो. टाकीखाली जाळ करू नये. फिल्टर थिजला असल्यास कापड गरम पाण्यात भिजवून त्याभोवती गुंडाळावे, किंवा ऊन वर येईपर्यंत थांबावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी थंडी सुरू होण्यापूर्वीच्या सभेत बाटलीची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. पंधरा रुपयांच्या दोषासाठी पाचशे रुपयांचे औषध घेण्याची वेळ मग कोणावर येणार नाही. दोष कोणता हे आधी ओळखणे आणि थंडी पडण्यापूर्वी तयारी करणे, एवढे साधले तर पहाटेचे पाणी चुकणार नाही.