स्तनार्बुद आणि जनुक-अभिव्यक्ती : साध्यासाध्य विचाराचे नवे साधन

हिंगणघाट परिसरातील एखादी भगिनी सेवाग्राम किंवा नागपूर येथे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून आपल्या चिकित्सालयात येते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, किमो घ्यावीच लागते काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तिच्या हातातील अहवाल आपणांस समजला पाहिजे.

साध्यासाध्य विचार आपणांस नवा नाही. सुश्रुताचार्यांनी पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणारे अध्यर्बुद आणि जोडीने वा क्रमाने होणारे द्विरर्बुद असाध्य मानले आहे. आधुनिक शास्त्राचाही प्रश्न तोच आहे : व्याधी कोणाच्या ठायी परतेल?

चाचणीचे स्वरूप : शरीरातील बहुतेक पेशींत जनुके तीच असतात, परंतु कोणते जनुक किती कार्यरत आहे, हे भिन्न असते. यालाच जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. काढलेल्या गाठीच्या ऊतीवर ही तपासणी होते. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ७० जनुकांचा संच मांडला. ऑन्कोटाइप डीएक्स चाचणीत २१ जनुके मोजून ० ते १०० असा गुणांक देतात. आनुवंशिक बीआरसीए चाचणी याहून वेगळी होय.

निष्कर्ष : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलरएक्स अभ्यासात १०,२७३ स्त्रिया होत्या. संप्रेरक-ग्राही, हर-२ नकारात्मक व काखेतील ग्रंथींत न पसरलेल्या रोगात ११ ते २५ गुणांक असल्यास केवळ संप्रेरक-उपचार पुरेसे ठरले. मात्र ५० वर्षे व त्याखालील स्त्रियांत गुणांक १६ ते २५ असता केमोथेरपीचा काही लाभ दिसला.

मर्यादा : गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे ही चाचणी सांगत नाही, त्यासाठी बायॉप्सीच हवी. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात या गुणांकाचा उपयोग नाही. शिवाय खर्च मोठा असल्याने ती प्रत्येकीस परवडत नाही.

आपले कर्तव्य :
१. स्तनात गाठ आढळल्यास लेप-गुग्गुळात कालहरण न करता रुग्णेस त्वरित पाठवावे.
२. कमी गुणांक म्हणजे औषधमुक्ती नव्हे. टॅमॉक्सिफेन बंद करण्याचा सल्ला देऊ नये.
३. औषधी विक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे : हळदीच्या अर्कासोबत मिरीतील पिपेरिन दिल्यास टॅमॉक्सिफेनच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी घटते, असे २०१९ च्या डच अभ्यासात आढळले. असे योग कर्करोगतज्ज्ञांस कळविल्याविना देऊ नयेत.

केमोथेरपी टाळण्याचा निर्णय अहवाल पाहून तज्ज्ञांनी घ्यावयाचा आहे. अग्निबल, निद्रा व मनोबल राखण्याचे कार्य मात्र आपले आहे आणि तेही अल्प नव्हे, असे आम्हांस वाटते.