वाऱ्याची बातमी कशी वाचावी

पूर्वी होडी लोटण्याआधी जाणते तांडेल आभाळ बघत. आजही बघतात. पण आता जोडीला हवामान खात्याची बातमी असते. ती आकाशवाणीवर ऐकू येते, वर्तमानपत्रात छापतात, मोबाईलवरही मिळते. मंडळी, आता आपल्याला वाचता येते. मग ही बातमी आपणच वाचू या.

समजा, बातमी अशी आहे :

"किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडून ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील. झोत ताशी ६५ किलोमीटरपर्यंत जातील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

यात तीन गोष्टी आहेत : दिशा, वेग आणि झोत.

१. दिशा

एस.टी.च्या पाटीवर गाडी कुठे जाणार ते लिहितात. वाऱ्याचे उलट असते. वारा जिकडून येतो, तिकडचे नाव त्याला देतात. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा.

कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा लाटा किनाऱ्यावर आणतो. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असते आणि समोरून हा वारा येतो, तेव्हा खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. होडी उलटायची भीती तिथेच.

पूर्वेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. त्यामुळे किनाऱ्याशी पाणी शांत दिसते. पण इंजिन बंद पडले, तर हाच वारा होडी खोल पाण्यात लोटत नेतो. शांत पाण्याला भुलू नये.

२. वेग

आकडा डोळ्यांसमोर आणायचा कसा? झाडाकडे पाहावे. ताशी २५ किलोमीटरला धूळ उडते, बारीक फांद्या हलतात. ४५ ला मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही. ६५ च्या पुढे डहाळ्या मोडतात, वाऱ्यासमोर चालणे जड जाते.

कधी बातमीत 'नॉट' हा शब्द येतो. १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. तेव्हा २५ नॉट म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर. आकडा लहान दिसला, म्हणून वारा कमी समजू नये.

३. झोत

वारा एकसारखा वाहत नाही. बातमीतला वेग ही काही मिनिटांची सरासरी असते. मध्येच क्षणभर जोराचा फटका येतो, तो झोत.

इथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा जोर चौपट होतो. वरच्या बातमीत वेग ४५ वरून ६५ वर गेला, म्हणजे दीडपटही झाला नाही. पण जोर मात्र दुप्पट झाला! शीड फाटते, पत्रा उडतो, तो बहुधा झोतानेच. म्हणून आम्ही सांगतो, बेत ठरवताना मोठा आकडा धरावा.

दिनांक ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळ येणार, ही बातमी आधीच दिलेली होती. त्यामुळे किनाऱ्यावरची हजारो माणसे वेळेवर सुरक्षित जागी नेता आली.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की सोसाट्याचा वारा येण्याचा संभव असतो. डिझेल भरलेले असते, बर्फ घेतलेला असतो, घरी पैशांची नड असते. हे आम्ही जाणतो. तरी त्या दिवशी होडी वर ओढून बांधावी. बुडालेली कमाई पुन्हा मिळवता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

प्रश्न

१. ईशान्येचा वारा कुठून येतो?
२. वेग आणि झोत यांत फरक काय?
३. आजची वाऱ्याची बातमी वाचा. त्यातला मोठा आकडा घरच्यांना सांगा.