घराची गळती : उदबत्ती, नोट आणि मीटर यांनी करावयाची तपासणी



गळीत हंगाम संपून ओव्हरहॉलिंग सुरू झाले की कारखान्यात एक काम ठरलेले असते. पॅन आणि इव्हॅपोरेटरच्या बॉडी यांची गळती तपासायची. सगळे व्हॉल्व्ह बंद करून आत व्हॅक्यूम ओढतात, पंप थांबवतात आणि घड्याळ लावून काटा किती उतरतो ते पाहतात. काटा भराभर उतरला म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत शिरते आहे. मग फिटर मेणबत्ती घेऊन एकेक फ्लँज, एकेक सांधा फिरतो. ज्योत सांध्याकडे ओढली गेली की तिथे गळती. पॅकिंग बदलायचे आणि पुन्हा काटा पाहायचा. हवा शिरली की व्हॅक्यूम पडतो, रस जास्त उष्णतेवर उकळतो, पाक शिजायला वेळ लागतो आणि वाफ, म्हणजे पर्यायाने बगॅस, फुकट जाते.

हीच तपासणी राहत्या घराची करता येते, आणि थंड देशांत ती रीतसर करतात. 1973 साली तेलाचे भाव भडकल्यावर तिकडे घर तापवण्याचा खर्च लोकांना झेपेना. स्वीडनमध्ये खिडकीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची आणि फटींतून किती हवा आत येते ते मोजायचे, ही पद्धत त्याच दशकात निघाली. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी तोच पंखा दारात बसवला. आत-बाहेर 50 पास्कल एवढा फरक ठेवतात. म्हणजे पाण्याचा जेमतेम 5 मिलिमीटर स्तंभ. आपल्या पॅनच्या व्हॅक्यूमपुढे हे काहीच नाही, पण ताशी 30 किलोमीटरचा वारा चारी बाजूंनी घरावर आला तर जसा दाब पडेल तसा हा असतो. 1991 साली जर्मनीत डार्मस्टाट येथे जे अतिकाटकसरीचे घर बांधले, त्या जातीच्या घरांना आता नियम असा, की एवढ्या दाबाखाली तासात घरातल्या हवेच्या 0.6 पटीहून अधिक हवा आत येता कामा नये.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे हे कशाला? बरोबर आहे. कौलारू घर, पत्र्याचं घर, धाब्याचं माळवद यांना ही परीक्षा लावू नये. तिथे वारा खेळता राहावा म्हणूनच झरोके ठेवलेले असतात. खुद्द केंद्र सरकारच्या 2018 सालच्या इको निवास संहितेतही उष्ण-कोरड्या भागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या निदान 10 टक्के असावे असे सांगितले आहे, आणि उष्ण-दमट भागात तर साडेसोळा टक्क्यांच्या वर. थंड देशातला कायदा घर बंद करायला सांगतो, आपला उघडायला सांगतो. दोन्ही आपापल्या जागी शहाणे आहेत.

प्रश्न आहे तो एसी बसवलेल्या खोलीचा. स्लॅबचं घर झालं, मुलाच्या लग्नात एसी आला, आणि उन्हाळ्याचं बिल हातात पडल्यावर सगळे मीटरला दोष देऊ लागले, असे आता गावोगाव दिसते. मीटरवर संशय घेण्याआधी खोली तपासावी असे आमचे म्हणणे आहे. एसीचा टन हा उसाचा टन नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारे यंत्र ते एक टनाचे. वजनकाट्याशी त्याचा संबंध नाही.

तपासणी अशी करावी. वारा पडलेला असेल अशी सकाळ निवडा. आधी चूल, गॅस आणि गॅसचा गीझर पूर्ण बंद करा. हे विसरू नये, कारण पंख्याच्या ओढीने धूर उलटा घरात येतो. घराची बाहेरची दारे-खिडक्या लावून घ्या, एसीच्या खोलीचे दार मात्र सताड उघडे ठेवा. छताचे पंखे बंद करा. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करा. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि बदली हवा फटींतून आत येऊ लागते. आता एक उदबत्ती पेटवून एसीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीभोवती सावकाश फिरवा. पडदे आधी काढून ठेवलेले बरे. धूर सरळ वर गेला तर तिथे काही नाही. धूर एकदम खोलीच्या आत ढकलला गेला तर तिथून वारा येतो आहे. खडूने खूण करून पुढे सरका.

बहुतेक घरांत खुणा त्याच त्या ठिकाणी पडतात. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन तावदाने जिथे एकमेकांवर येतात तिथे, आणि खालच्या खाचेत. चौकट आणि भिंत यांच्या मधल्या चिरेत. एसीची तांब्याची नळी जिथून भिंतीबाहेर जाते त्या भोकात तर हटकून. बसवणारा माणूस भोक मोठं पाडतो आणि त्यात कागदाचा बोळा कोंबून निघून जातो. विजेच्या स्विचबोर्डातूनसुद्धा वारा येतो, कारण भिंतीतली नळी वर थेट गच्चीपर्यंत गेलेली असते. तिथे उदबत्ती लांबूनच धरावी, बोर्ड उघडू नये.

खोलीचे दार बंद करून त्याचीही अशीच परीक्षा घ्यावी. सगळ्यांत मोठी चोरी दाराखालून होते. हिशेब करून पाहा. दार 90 सेंटिमीटर रुंद आणि खाली 1 सेंटिमीटरची फट, म्हणजे 90 चौरस सेंटिमीटर झाले. 9 सेंटिमीटर लांब आणि 10 रुंद. भिंतीला तळहाताएवढं भोक कोणी ठेवील का? दाराखाली मात्र आपण ते वर्षानुवर्षे ठेवतो. जुन्या लुगड्याची वळकटी करून लावली तरी काम भागते, किंवा दाराला रबरी पट्टी ठोकून घ्यावी. नळीच्या भोकाला पुट्टी आणि चौकटीच्या चिरेला सिलिकॉन पुरते. खर्च फार नाही.

फ्रिजला नोटेची परीक्षा. दारात दहाची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लावा आणि नोट ओढा. अडखळत आली तर रबर चांगले. सुळकन निसटली तर रबर गेले. दाराच्या चारी बाजूंना हे करावे. रबर नुसते मळलेले असेल तर कोमट पाण्याने पुसूनही पुष्कळदा पुन्हा धरते.

गळती बुजवली, पण फायदा झाला की नाही हे कसं कळणार? कारखान्यात दुरुस्तीनंतर पुन्हा काटा पाहतात, तसे घरी मीटर पाहायचे. रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीच्या आधी तीन रात्री आणि नंतर तीन रात्री. एसी त्याच अंशावर हवा, म्हणजे 24 तर 24, झोपणारी माणसं तेवढीच आणि हवामानही साधारण तेच. दुसरी खूण अधिक मजेची आहे. एसीच्या नळीखाली बादली लावा. बाहेरून शिरलेल्या हवेतला ओलावा यंत्र गोठवून नव्हे, तर थंड करून पाणी करते, आणि त्याला वीज लागते. रस आटवताना आपण वाफ खर्च करून पाण्याची वाफ करतो, इथे उलटे, वाफेचे पाणी करायला खर्च. एक लिटर पाण्यामागे सुमारे 0.68 युनिट एवढी उष्णता यंत्राला बाहेर काढावी लागते. चांगले यंत्र त्यासाठी अदमासे 0.2 युनिट वीज घेते. श्वासाचे आणि घामाचेही पाणी त्यात असतेच. पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, फटी बुजवल्यावर बादलीतला फरक डोळ्यांना दिसतो. चैत्रातल्या कोरड्या हवेत सोलापूरकडे बादली फार बोलणार नाही, तिथे मीटरच पाहावे.

मीटरचा आणखी एक उपयोग. घरातली सर्व उपकरणे बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहा. पुष्कळ मीटरांवर 3200 असा आकडा छापलेला असतो, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला 16 वेळा लुकलुकला तर तासाला 960, म्हणजे 0.3 युनिट, 300 वॅटचे काहीतरी चालू आहे. आपल्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरून हिशेब करावा. सगळे बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर परवानाधारक वायरमनला बोलवा. एखादे यंत्र चालू राहिलेले असेल किंवा वायरिंगमध्ये दोष असेल, आणि दोष असला तर तो बिलापुरता राहत नाही.

स्लॅबचे राहिलेच. आपल्या भागात वाऱ्यापेक्षा छतातून येणारी उष्णता जास्त त्रास देते. रात्री दहा वाजता स्टुलावर उभे राहून छताला हात लावा, पंखा बंद करूनच. हात लावता हटवावा लागला तर फटी बुजवून भागणार नाही, गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा लागेल. पत्र्यावर पाचट पसरणारी मंडळी आहेत. गारवा मिळतो, पण एक ठिणगी पुरते. आमचा त्याला विरोध आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काय बुजवायचं नाही ते. ज्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे तिथली एकही फट, एकही झरोका बंद करू नका. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आधी गुंगतो आणि हाक मारायच्या आत पडतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेतच बसवावा. थंडीत पेटती शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणेही तितकेच घातक. स्वयंपाकघराच्या दाराखालची फटही राहू द्यावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो आणि त्याला बाहेर जायला तीच वाट असते.

एसीच्या खोलीतही चार माणसे झोपत असतील तर अगदी डबा करू नये. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. सकाळी डोके जड वाटू लागले तर खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपावे, युनिट थोडे जास्त गेले तरी चालेल. आणि एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावरचा फुफाटा इतका असतो की आठवड्यानेच धुवावी लागते.