तांदळातले ते वेगळे दाणे

धानाच्या पट्ट्यातल्या बायांना तांदूळ ओळखायला शिकवावं लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात म्हातारी बाई सुपात हात घालते आणि सांगते, हा नवा, हा जुना, हा गिरणीत फार घासलेला. त्यामुळे २०२२च्या सुमारास रेशनच्या तांदळात काही वेगळे दाणे येऊ लागले, तेव्हा ते सगळ्यात आधी या बायांनाच दिसले. मळकट पांढरे, चमक नसलेले, सगळे एका मापाचे. त्यांची नजर चुकली नव्हती. दाणे खरंच वेगळे होते.

गावातल्या एका सालस, शिकलेल्या मुलानं त्या दाण्यांचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ होती: "रेशनच्या तांदळात प्लास्टिक टाकतात वाटते. बघून घ्या." त्याच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. सुचलं ते सहज लिहिलं. संध्याकाळपर्यंत ती ओळ आणखी चार ग्रुपांवर गेली आणि तिच्यातलं "वाटते" गेलं. प्लास्टिक "निघालं" असं झालं. दोन-तीन दिवसांत पलीकडच्या गावची पोरं तो भात खाऊन आजारी पडल्याचंही लोक सांगू लागले. त्या गावी माझी बहीण राहते. तिथे कुणीही आजारी पडलेलं नव्हतं.

मी तेव्हा त्या ग्रुपवर नव्हते. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर फोन फक्त घरच्यांशी बोलायला वापरत होते. मला हे कळलं ते पुतणीकडे गेले तेव्हा. तिला सहावा महिना होता, अंगात रक्त कमी होतं. ती अंगणात बसून सुपातला एकेक मळकट दाणा निवडून कोंबड्यांपुढे टाकत होती. "मोठी आई, प्लास्टिक आहे यात, फोटो आला ना!" ती म्हणाली. जे दाणे ती फेकत होती, ते तिच्यासारखीसाठीच तांदळात घातलेले होते.

ते दाणे तांदळाच्या पिठाचेच असतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व ब-१२ मिसळतात, पाणी घालून मळतात, यंत्रातून दाबून त्याला तांदळाचा आकार देतात आणि वाळवतात. असा एक किलो दाणा साधारण शंभर किलो साध्या तांदळात मिसळला की झाला पोषणयुक्त तांदूळ. सरकारी योजनांतून असाच तांदूळ द्यायचा, अशी घोषणा १५ ऑगस्ट २०२१ला लाल किल्ल्यावरून झाली होती. कारणही साधं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायांचं तेच होतं. या दाण्यांनी एकट्यानं रक्त भरून निघत नाही. गोळ्या, पालेभाज्या, डाळ, वेळेवरची तपासणी, सगळंच लागतं. पण ज्या घरात महिनाभर मुख्य अन्न रेशनचा भात, तिथे तेवढी भरही मोलाची असते.

हे कुणी सांगितलं नव्हतं, ही मोठी उणीव होती. नव्या प्रकारचं धान्य गावात येताना त्याची माहिती दवंडी पिटून द्यायला हवी होती. ती आली नाही, म्हणून ती जागा अफवेनं घेतली. हे मी त्या मुलाच्या बाजूनं म्हणते आहे, आणि मनापासून म्हणते आहे.

मग ग्रुपवर "प्रयोग" सुरू झाले. एकानं दाणे पाण्यात टाकून ते तरंगताना दाखवले. एकानं भाताचा गोळा जमिनीवर आपटून उसळवला. एकानं दाणे जाळून त्यांचा काळा कोळसा दाखवला. पाहणाऱ्याला हे पुरावेच वाटतात, म्हणून नीट सांगते. हे दाणे दाबून बनवलेले असल्यानं त्यांत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे काही तरंगतात. शिजलेल्या भातातला स्टार्च चिकट असतो, त्यामुळे कुठल्याही तांदळाचा घट्ट वळलेला गोळा उसळतो. घरच्या जुन्या तांदळाचा करून बघा. आणि पिठाचा पदार्थ जळाला की काळाच होतो, भाकरीही होते. प्लास्टिक जळताना वितळतं, त्याचे थेंब गळतात. त्या व्हिडिओत तसलं काही दिसत नव्हतं. पण तेवढं बघायला थांबतो कोण?

रेशन दुकानदाराला शिव्या बसल्या, त्याच्या घरच्यांनाही बसल्या. धान्य वरून येतं ते तो वाटतो, एवढंच त्याचं काम. तरी त्याच्या दुकानाचा फोटो नावानिशी फिरला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पुतणीनं मला तो सगळा ग्रुप दाखवला. त्या गदारोळात एका आईनं विचारलं होतं, "आमच्या पोरीला सिकलसेल आहे. हा तांदूळ तिला चालेल का?" आमच्या भागात सिकलसेलची पोरं घरोघरी नसली तरी गावोगावी आहेत, आणि प्रश्न अगदी नेमका होता. लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर थॅलेसेमिया आणि सिकलसेल असणाऱ्यांसाठी सूचना हवी, असा २०१८च्या नियमांत उल्लेख होता. पुढे तज्ज्ञांच्या समितीनं तपासणी करून धोका नसल्याचं सांगितलं आणि २०२४मध्ये ती अट काढली गेली. पण त्या दिवशी हा खरा, विचारायलाच हवा असा प्रश्न होता. त्याला एकानंही उत्तर दिलं नाही. खाली लगेच उसळणाऱ्या गोळ्याचा व्हिडिओ आला आणि तो प्रश्न वर सरकून गेला. मी दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या घरी गेले आणि तिला आरोग्य सेविकेकडे घेऊन गेले.

खोट्या बातमीनं लोक घाबरतात, हे सगळे सांगतात. पण खोट्या भीतीखाली खरी काळजी दबून जाते, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी त्या दिवसापासून ग्रुपवर आले, आणि तेव्हापासून जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिलं म्हणजे, डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनानं काढलेलं अनुमान एका ओळीत बसवू नका. "तांदळात वेगळे दाणे दिसतात" हे पाहिलेलं आहे. "प्लास्टिक आहे" हे अनुमान आहे. त्या मुलानं फोटोखाली एवढंच लिहिलं असतं, "हे दाणे कसले, कुणाला माहीत आहे का?" तर आमच्या आशाताईंनी अर्ध्या तासात उत्तर दिलं असतं. त्या त्याच ग्रुपवर होत्या. पण आरोप वाचल्यावर त्या गप्प बसल्या. आरोपाच्या मध्ये कोण पडणार? प्रश्न टाकला की माहिती असणारा माणूस बोलतो, आणि आरोप टाकला की तोच माणूस तोंड मिटतो.

दुसरं, रंजक माहिती आली की ती कुठून सुरू झाली असेल याचा विचार करा. २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा संदेश तुमच्याकडेही आला असेल. कितीतरी वर्षं येतो आहे. त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला होता की सुमारे ६० हजार वर्षांत तसा आला नव्हता. तेव्हाही अंतर साडेपाच कोटी किलोमीटरहून जास्त होतं. मूळ मजकुरात म्हटलं होतं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हातोहात फिरताना दुर्बीण गळाली, मग सालही गळालं. लेकरं रात्री गच्चीवर जाऊन निराश होऊन परत येतात, आणि पुढच्या वेळी आकाशात खरंच काही बघण्यासारखं असलं तरी येत नाहीत. म्हणून संदेशात साल, ठिकाण आणि सांगणारा नसेल तर तो पुढे ढकलू नका. सांगणाऱ्याचं नाव असलं तरी तेही तपासा. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, व. पु. काळे २००१मध्ये. मोबाइलवर रोज फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांनी कधी लिहिल्याच नाहीत, तरी खाली त्यांचं नाव असतं. पुस्तकाचं नाव सांगता येत नसेल तर लेखकाचंही घालू नका.

याचा अर्थ विचित्र वाटतं ते खोटंच, असा मात्र नाही. एचएमटी हे तांदळाचं नाव घड्याळावरून पडलंय, असं कुणी टाकलं तर परगावचा माणूस हसेल. पण ते खरं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, त्यातून हा वाण तयार केला, आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. त्यांनीही वेगळा दाणाच पाहिला होता. पाहून त्यांनी तो वेगळा पेरला, वर्षानुवर्षं तपासला आणि मग लोकांना दिला. अशी माहिती जरूर पाठवा. आपल्या लेकरांना ती मिळायला हवी.

तिसरी गोष्ट भीतीच्या संदेशांची. इथे मी कुणाचंही "सहज टाकलं" मान्य करत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून जगणारी गरीब माणसं होती ती. त्याआधी मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. पाठवणाऱ्यांतल्या कितीतरी आयांना वाटलं असेल, आपण सावधगिरीची सूचना देतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२०पासून फार वेळा फिरलेला संदेश एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. त्यावर दोन बाणांची खूण असते. ती खूण दिसली की समजा, पाठवणाऱ्यानं ते लिहिलेलं नाही, बहुधा वाचलेलंही नाही. मुलं, आजार, औषध, धरण, दंगल यांतलं काहीही असेल तर आधी पोलीस पाटलाला, आरोग्य सेविकेला, तलाठ्याला फोन करा. संदेश थांबवल्यानं कुणाचं बिघडत नाही, पाठवल्यानं मात्र बिघडतं. २०२०च्या फेब्रुवारीत कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो असं पसरलं तेव्हा पोल्ट्रीवाल्यांचे भाव मातीमोल झाले, काहींनी जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली. त्यांच्या अंगावर ते कर्ज नंतरही राहिलं.

मत मांडायला मात्र घाबरू नका. २०१२च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती; एकीनं मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर मत लिहिलं होतं आणि दुसरीनं ते पसंत केलं होतं. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला रद्द केलं. मत हा तुमचा हक्क आहे. गावात पाणी दोन दिवसांआड येतं, लग्नात खर्च फार होतो, शाळेला शिक्षक कमी आहेत, यावर बोललंच पाहिजे. फक्त मत असेल तर मत म्हणून सांगा आणि माणसाच्या नावावर, जातीवर, घरावर जाऊ नका. भीती किंवा वैर पसरवण्यासाठी खोटी माहिती फिरवणं मात्र आजच्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे.

आणि चूक लक्षात आली तर? त्या मुलाला मी घरी बोलावलं. ग्रुपवर चारचौघांत टोकलं असतं तर तो अडून बसला असता. दाण्यांची माहिती सांगितली, पिशवीवर छापलेलं वाचायला दिलं. त्यानं त्याच रात्री त्याच ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की ते प्लास्टिक नाही, ते दाणे फेकू नका. जुना संदेश नुसता पुसून तो मोकळा झाला नाही, याचं मला फार कौतुक आहे. संदेश पुसला तरी वाचणाऱ्याच्या मनातला जात नाही. थोरामोठ्यांनी असं काही पाठवलं तर त्यांनाही फोन करून किंवा समोर बसून सांगा. "काका, हे मी विचारून घेतलं, असं आहे म्हणतात," एवढ्यानं पुष्कळदा काम होतं.

पण त्याची दुरुस्ती सगळीकडे पोचली नाही. अफवा फोनवरून विहिरीवर गेली होती, शेतात रोवण्याला आलेल्या बायांत गेली होती, ज्यांच्याकडे मोबाइलच नाही अशा म्हाताऱ्यांच्या चुलीपर्यंत गेली होती. दुरुस्ती फोनमध्येच राहिली. पुतणीनं दाणे निवडायचं थांबवलं, पण काही घरी ते पुढेही बरेच महिने निवडले जात होते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते: चुकीची माहिती तुमच्या हातून किंवा तुमच्या ग्रुपवरून गेली असेल, तर दुरुस्ती लिहून थांबू नका. ज्या घरी मोबाइल नाही तिथे स्वतः जा आणि सांगून या.