शपथपत्रातला एक रकाना

"हे खातं तुमचंच ना?" न्यायाधीशांनी विचारलं आणि कागद माझ्याकडे वळवला. माझ्या बँक खात्याचा उतारा होता तो. पिवळ्या मार्करने ओळीच्या ओळी रंगवलेल्या. साडेतीनशे, साडेतीनशे, बाराशे, परत साडेतीनशे. ब्लाउजच्या शिलाईचे, फॉल-पिकोचे पैसे. मशीनच्या टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर बायकांनी टाकलेले. मी "हो" म्हणाले. आणखी काय बोलणार? तीन महिन्यांपूर्वी याच कोर्टात मी शपथेवर लिहून दिलं होतं की मला कसलंही उत्पन्न नाही.

२०२२ ची गोष्ट. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मुलीला घेऊन मी माहेरी, इचलकरंजीला आले आणि पोटगीचा अर्ज केला. पोटगीच्या अर्जाबरोबर मालमत्ता आणि दायित्वांचं शपथपत्र द्यावं लागतं, हे मला वकीलबाईंकडून कळलं. पगार किंवा धंद्याचं उत्पन्न, बँक खाती, ठेवी, विमा, दागिने, घर, जमीन, कर्ज, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं, दरमहा खर्च, असे रकानेच्या रकाने. शेती असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात घालून दिलं. तो खटला मूळचा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला. निकाल देशभर लागू आहे आणि अर्ज कुठल्याही कायद्याखालचा असो, हिंदू विवाह कायदा, कौटुंबिक हिंसाचार कायदा किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४), शपथपत्र द्यावंच लागतं. तेही दोघांनी. 'द्यायचं त्याने आहे, मी कशाला सांगू' हा माझा पहिला गैरसमज होता.

वकीलबाईंनी कोरा नमुना घरी भरायला दिला. रात्री जेवणं झाल्यावर दादा शेजारी बसला. उत्पन्नाचा रकाना आला तसा म्हणाला, "अगं, शिलाईचं लिहू नकोस. लिहिलंस की म्हणतील, ही कमावते, हिला कशाला पोटगी?" ठेवीच्या रकान्यातही तेच. पाटल्या मोडून मी पतसंस्थेत दोन लाख चाळीस हजारांची ठेव केली होती, माझ्या आणि दादाच्या नावावर. "ते स्त्रीधन आहे, त्यात त्यांचा काय संबंध?" दादाचं माझ्यावर प्रेम आहे, त्याने वाईट हेतूने सांगितलं नाही. मी दोन्ही रकान्यांत 'निरंक' लिहिलं. शिलाईचे पैसे ज्या खात्यात येत, ते खातंही लिहिलं नाही. वकीलबाईंना यातलं काहीच सांगितलं नाही. नोटरीपुढे सही केली तेव्हा हात थरथरला नाही, हे मला अजून आठवतं.

नवऱ्याने जबाबात लिहिलं की ही घरी शिवणकाम करते आणि तिचं एक खातं लपवलेलं आहे. त्याच्या वकिलांनी अर्ज दिला, कोर्टाने मला उतारा हजर करायला सांगितलं. महिन्याला सरासरी आठ-साडेआठ हजार जमा होत असल्याचं त्यात दिसत होतं. दर तीन महिन्यांनी पतसंस्थेकडून व्याज आल्याचीही ओळ होती. त्या एका ओळीवरून ठेव उघडी पडली. एक कागद दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतो, हे मला त्या दिवशी समजलं. तारखेनंतर वकीलबाई मला जिन्याखाली घेऊन गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही." त्यांचा चढलेला आवाज परवडला असता.

अंतरिम आदेशात मुलीला दरमहा सहा हजार मिळाले. माझी मागणी तेव्हा मान्य झाली नाही. अर्जदाराने माहिती दडवली, तिच्या म्हणण्यावर तूर्त विसंबता येत नाही, असं कारण नोंदवलं गेलं. याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. नवऱ्याने स्वतःला दुकानात अठरा हजारांवर नोकरीला असल्याचं दाखवलं होतं आणि दुकान सासऱ्यांच्या नावावर आहे असं म्हटलं होतं. आदल्याच वर्षी त्याने गाडीसाठी कर्ज काढलं होतं. त्या अर्जात उत्पन्न किती लिहिलं होतं, हे बँकेकडून मागवण्याची आमची तयारी होती. पण त्या दिवशीचा सगळा वेळ माझ्या साडेतीनशे रुपयांवर गेला.

आणि हे सगळं कशासाठी? बायको थोडंफार कमावते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुनीता कछवाहा यांच्या खटल्यात सांगितलेलं आहे. ती कमाई तिला पुरते का, ज्या राहणीमानात ती सासरी राहत होती त्याच्या जवळपास तरी पोचते का, हे कोर्ट बघतं. घरभाडं, मुलीची फी, आईची औषधं यापुढे माझे साडेआठ हजार कुठे पुरत होते? मी ते खरे लिहिले असते तर ते माझ्याच बाजूने बोलले असते.

वकीलबाईंनी वाट दाखवली. परिस्थिती बदलली किंवा नवी माहिती पुढे आली तर सुधारित शपथपत्र देता येतं, ही सोय त्याच निकालात आहे. मी दिलं. शिलाईचे पैसे महिनावार लिहिले, ठेवीच्या पावतीची प्रत जोडली, आधी का दडवलं तेही सरळ लिहिलं. खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईचा, न्यायालयाच्या अवमानाचाही विचार कोर्ट करू शकतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. पण दुसऱ्या बाजूचा तसा अर्ज येईल या धास्तीत सात महिने गेले.

आता ज्यांच्या हातात तो कोरा नमुना आहे, त्यांना सांगते. नमुना भरण्याआधी आपल्या सगळ्या खात्यांची पासबुकं भरून आणा, बंद पडलेल्या खात्याचंसुद्धा. पिग्मी, भिशी, बचत गट, पोस्टातली आवर्ती ठेव, पीएफ, विम्याची पॉलिसी, माहेरच्या सातबारावरचं नाव, भावाबरोबरचं जोडखातं, सगळं आधी वहीत उतरवा आणि ती वही वकिलांना दाखवा. लिहायचं की नाही असा प्रश्न ज्या गोष्टीबद्दल पडेल, ती तर आधी दाखवा. नक्की आकडा माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा आणि का माहीत नाही तेही लिहा. दागिने सासरी राहिले असतील तर तसं लिहा. खर्च फुगवू नका. मुलीच्या फीची पावती, घरभाड्याचा करार, औषधांची बिलं लावून जो आकडा येतो तोच पुरेसा बोलका असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

समोरच्याने लपवलं असेल तर त्याचा फोन किंवा कपाट फोडायला जाऊ नका. सातबारा, फेरफार आणि ८अ कुणालाही मिळतात, महाभूमीच्या संकेतस्थळावरही. खरेदीखताची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाकडून काढता येते. उरलेलं, म्हणजे बँकेचे उतारे, कर्जाचे अर्ज, आयकर विवरणपत्रं, कोर्टामार्फत मागवा. नेमकं कुठल्या बँकेतलं, कुठल्या वर्षाचं ते सांगून मागवा. 'सगळे कागद द्यावेत' अशा अर्जाला उत्तरही तितकंच मोघम मिळतं. आणि त्याचं शपथपत्र लांबत असेल तर लक्षात ठेवा, त्याला चार आठवड्यांची मुदत आहे, दोनपेक्षा जास्त तारखा मिळू नयेत असं निकालात आहे आणि मुद्दाम चालढकल केली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो.

आमच्याही दाव्यात गाडीच्या कर्जाचा अर्ज शेवटी बँकेकडून आला. त्यात महिन्याचं उत्पन्न पंचावन्न हजार लिहिलेलं होतं, खाली सही त्याचीच. अंतिम आदेशात मुलीची रक्कम वाढली आणि मलाही पोटगी मंजूर झाली. ही तपासणी पहिल्याच तारखेला होऊ शकली असती. मध्ये दोन वर्षं गेली, तेवढ्यात मुलगी चौथीतून सहावीत गेली.

सही करायच्या आधी एकदा पासबुक आणि शपथपत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा. भावाला विचारून नव्हे, वकिलांसमोर बसून.