आज्ञावलीची रोजकीर्द आणि पाठसंपादन

पोथ्यांचे पाठभेद यंत्राने जुळविताना 'प्रिंट'ने पडद्यावर उमटलेला निर्णय खिडकी मिटताच लुप्त होतो. मग कोणता पाठ का वगळला, याला पुरावा उरत नाही. म्हणून पायथॉनमध्ये २००३ पासून अंतर्भूत असलेल्या 'लॉगिंग' या घटकाचा आश्रय घ्यावा. त्यातील 'बेसिककॉन्फिग'ला संचिकेचे नाव दिले की नोंदी तीत जातात. मात्र पातळी 'इन्फो' न सांगितल्यास 'वॉर्निंग'खालील नोंदी मुकाट्याने गळतात. देवनागरीसाठी 'यूटीएफ-८' हे संकेतन स्पष्ट लिहावे. तशी सोय ३.९ या आवृत्तीपासून आहे. 'फॉरमॅट'मध्ये 'एएससीटाइम' योजल्यावाचून नोंदीस दिनांक लाभत नाही. नवी नोंद जुनीखाली जोडण्याची मूळ रीत राखावी. 'डब्ल्यू' योजल्यास पूर्वीचे सारे पुसले जाते. बखर मागाहून रचता येते, रोजकीर्द नव्हे. संपादकाची विश्वसनीयता दुसरीवरच उभी असते.