तबकडीची जपणूक

१९९५ साली ‘विंडोज ९५’ ही संगणकप्रणाली १३ फ्लॉपींवरही मिळे. त्यांतील एक जरी बिघडली, तरी सारे काम अडून बसे. पुढे एकाच सीडीत सर्व मावू लागले. पण जपणुकीची चिंता सरली नाही. लोक सीडीची चकचकीत बाजू फुलासारखी जपतात आणि नाव छापलेली बाजू खुशाल टेबलावर घासतात! वस्तुतः माहितीचा ॲल्युमिनियमचा तलम थर या छापील बाजूलाच, पातळ लेपाखाली असतो. तेथे खोल ओरखडा गेला, की माहितीच खरवडली जाते. खालच्या जाड प्लॅस्टिकवरील चरा मात्र पुष्कळदा घासून काढता येतो. म्हणून जाणकार मूळ तबकडी डबीत उभी ठेवून नक्कल वापरतात. नकलेतील रंगद्रव्य उन्हाने विटते. तिलाही अंधारच मानवतो. खोक्यावरचा परवाना-क्रमांक ते वहीत उतरवून ठेवतात. कारण तो दिल्यावाचून शाबूत तबकडीही पुढे सरकत नाही.